सोमवारचं जेवण

आमच्यासारख्या मासे खाणाऱ्या घरांत शाकाहार वारांनी येतो. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्यात संकष्टी, एकादशी, श्रावण, गणपती, नवरात्र. कालनिर्णय घेऊन मोजायला बसलं तर वर्षाचा जवळजवळ निम्मा भाग आम्ही मासळीवाचून काढतो, आणि तरीही स्वतःला मासे खाणारे म्हणवतो. त्यात खोटं काही नाही, कारण त्या निम्म्या दिवसांचं जेवण आम्ही कधी मनावर घेतलेलंच नसतं. सोमवारी वरण-भात, बटाट्याची भाजी, पापड, लोणचं. घरात ओलं खोबरं असेल तर सोलकढी. कुणी कुरकुर करत नाही, कारण मंगळवार येणारच असतो. सोमवारचं जेवण म्हणजे मंगळवारची वाट पाहणं, एवढाच त्याचा आमच्या स्वयंपाकघरातला दर्जा.

माझ्या लेकीने नववीत असताना मासे सोडले आणि तिच्यापुरता रोजच सोमवार झाला.

कारण तिने बरेच दिवस सांगितलं नाही. आम्ही डोंबिवलीत राहतो, सासर मालवणकडचं. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्या बाबांनी कुर्ल्या आणल्या होत्या, जिवंत. सकाळी करायच्या म्हणून रात्री झाकणावर वरवंटा ठेवून बादलीत ठेवल्या. मला लहानपणापासून त्या आवाजाची सवय आहे. पत्र्यावर नांग्या घासल्याचा आवाज आला की दुसऱ्या दिवशीच्या तिखल्याची आठवण होऊन मला झोप चांगली लागायची. तिला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी ती जेवली नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यात सुरमई परत केली, मग अंडंही. आम्ही विचारलं की ती एवढंच म्हणायची, “मला नको.” आम्हाला मात्र कारण हवं होतं. शाळेत कुणी काही बोललं का, मोबाईलवर काही पाहिलं का, मैत्रीण जैन आहे म्हणून का. मोठ्या माणसांना मुलांच्या निर्णयामागे नेहमी दुसरं कुणीतरी हवं असतं.

त्या दिवसांत मला माझ्या आजोबांची फार आठवण झाली. कुडाळजवळच्या आमच्या गावात ते माळकरी होते. तरुणपणी मासे, कोंबडी सगळं खाल्लेला माणूस. एका कार्तिकीला पंढरपूरला गेले, तुळशीची माळ घालून आले आणि त्या दिवसापासून त्यांच्या ताटात मासळी आली नाही. त्यांचा टोप वेगळा, पळी वेगळी. आजी आधी त्यांचं रांधायची आणि मग मासळीला हात लावायची. माळ का घातलीत, असं त्यांना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. माळ घातली, एवढं पुरत होतं. गावात असे चार-पाच माळकरी होते. लग्नाकार्यात त्यांची पंगत न सांगता बाजूला मांडली जायची. माणसाने एक दिवस ठरवून खाणं बदलावं ही गोष्ट आमच्याकडे नवी नाही, आणि तिच्यासाठी जागा करून देण्याची रीतही नवी नाही. माझ्या लेकीच्या गळ्यात माळ नव्हती, म्हणून तिला तीच जागा मिळायला वेळ लागत होता.

पण आजोबांच्या आठवणीतलं जे खरं कामाचं होतं ते मला पुढे सुचलं. त्यांच्यासाठी आजी रोज काहीतरी करायची. कुळथाची पिठी घट्ट, भाकरीने टिपून खाता येईल अशी. काळ्या वाटाण्यांचं सांबार. चवळीची उसळ, फणसाच्या भाजीत चवळी, चैत्र-वैशाखात ओल्या काजूगरांची उसळ, पावसात मूग मोड आणून खोबऱ्याच्या रसात. हे सणाचं जेवण नव्हतं, शेतात राबणाऱ्या माणसाचं रोजचं जेवण होतं. त्या माणसाला मंगळवार नाही हे आजीला ठाऊक होतं, म्हणून त्याच्या सोमवारचं ती मनावर घेत होती.

आमच्या सासूबाई दिवाळीला आल्या तेव्हा नातीचं ताट पाहून त्यांनी तोंडावर काही नावं ठेवली नाहीत. म्हणाल्या, “मासे सोडलंस, ता तुझा तू जाण. पण नुसत्या भातान काय होतला गो चेडवा?” घरात बाकीचे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या प्रश्नामागे काय आहे ते मी ऐकून होते. त्यांच्या लहानपणी पावसाळ्याचे चार महिने घरात भाताची पेज आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा असायचा. भाजी पिकायची ती वेलावरची. डाळ विकत घ्यायची तर पैसे लागायचे. सुकट, जवळा, सुका बांगडा हेच त्या घरातल्या मुलांच्या हाडामांसात गेलेलं पोषण. बाळंतिणीला मोरी द्यायची, दूध यावं म्हणून. मासळी हा आमच्याकडे जिभेचा लाड आहे असं बाहेरच्यांना वाटतं. कोकणातल्या गरीब घरांसाठी ती जगण्याची सोय होती, कारण भाताच्या देशात भातापलीकडे ताकद देणारं तेवढंच स्वस्त होतं. सासूबाईंचा प्रश्न भुकेतून आलेला होता, आणि पोषणशास्त्राच्या पुस्तकातही तो तसाच लिहिलेला आहे, फक्त आकड्यांत.

म्हणून मी आकडे पाहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली नव्याने ठरवलेल्या शिफारशींत तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला ४३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, मुलाला ४५. पुढच्या दोन-तीन वर्षांत मुलीसाठी ४६, मुलासाठी ५५. मोठ्या माणसाचा हिशेब वजनाच्या प्रत्येक किलोमागे पाऊण ग्रॅमच्या जरा वर बसतो. वाढत्या वयात तो थोडा चढा असतो, कारण शरीर नुसती झीज भरत नाही, नवं बांधत असतं.

मग मी तिच्या ताटाकडे वळले. सकाळी पोहे. डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी. संध्याकाळी चहा-बिस्किटं. रात्री भात आणि वरण. झोपताना पेलाभर दूध. कागदावर बेरीज केली तर ती तिशीच्याही आत राहत होती. आणि पूर्वीच्या ताटात काय होतं? हेच सगळं, फक्त रात्री एक बांगडा. शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीस-वीस ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे आमच्या साऱ्या घराचं पोषण त्या एका तुकड्यावर तोललेलं होतं, बाकीचं ताट त्याच्या भरवशावर सैल पडलं होतं. तो तुकडा उचलल्यावर उरलं ते सोमवारचं जेवण. आठवड्यातून दोन-तीनदा त्याने काही बिघडत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला वर्षभर ते पुरत नाही.

वरणाबद्दल इथे थोडं बोलायला हवं. शहरातल्या मराठी घरांचा आपल्या वरणावर फार विश्वास आहे. मुलगा वरण-भात खातो म्हटलं की आई निश्चिंत. पण चौघांसाठी एक वाटी तूरडाळ लावायची, तिच्यात दोन वेळा पुरेल इतकं पाणी घालायचं, आणि प्रत्येकाच्या भातावर दोन पळ्या ओतायच्या, तर एकेकाच्या वाट्याला किती डाळ आली? कच्च्या तूरडाळीत शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत, हे बरोबर. पण त्या दोन पळ्यांत डाळ असते जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम. दोन-तीन ग्रॅम प्रथिनं मिळाली, एवढंच. डाळ शिजलेली मोजू नये, कच्ची मोजावी. माणशी एका वेळेला चांगली मूठभर, तीस-पस्तीस ग्रॅम, आणि घट्ट. आमच्याकडचं वरण घट्ट झालं तेव्हा तिचे बाबाही पहिल्यांदाच पुन्हा वाढून घ्यायला लागले.

आणि डाळ पातळ होण्यात एकट्या गृहिणीचा हात नाही. १९५१ साली या देशात माणशी रोज साधारण साठ ग्रॅम कडधान्य उपलब्ध होतं. २००० सालाच्या सुमारास ते त्याच्या निम्म्यावर आलं. हरितक्रांतीने गहू आणि तांदूळ भरपूर दिला, रेशनवरही तोच आला. कोरडवाहू तुकड्यांवरची मटकी, हुलगा, चवळी मागे राहिली. पोट भरलं आणि ताट हलकं झालं. ज्या घरात मासळी किंवा मटण होतं त्याला हे जाणवलं नाही. ज्यांच्याकडे तेही नव्हतं त्यांच्या मुलांच्या उंचीत ते दिसतं.

या सगळ्यात मला गांधीजींची गोष्ट वेगळ्या रीतीने दिसू लागली. राजकोटला शाळेत असताना मित्राच्या नादाने त्यांनी चोरून मांस खाल्लं, इंग्रज मांस खातात म्हणून बलवान आहेत या समजुतीने. पहिल्या रात्री पोटात बोकड ओरडतो आहे असं त्यांना वाटत राहिलं. हे आपण शाळेत वाचतो आणि तिथेच थांबतो. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १८८८ साली अठरा वर्षांचा हा मुलगा आईला मांस न खाण्याचं वचन देऊन लंडनला गेला आणि तिथे उपाशी राहिला. सकाळच्या लापशीने पोट भरायचं. दुपारी आणि रात्री उकडलेला पालक, पाव, मुरंबा. आणखी एक तुकडा मागायची लाज वाटायची. वचन पक्कं होतं, त्याचं पुढे काय करायचं हे सांगणारं स्वयंपाकघर नव्हतं. मैलोन् मैल पायी फिरून एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी खाणावळ सापडली, तिथेच हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक विकत मिळालं, आणि इंग्लंडात आल्यापासून पहिल्यांदा ते पोटभर जेवले. वचनाने सुरू झालेला शाकाहार त्या पुस्तकानंतर त्यांचा स्वतःचा झाला, हे ते लिहितातच. पण आधी पोट भरलं, हेही लिहितात.

आमच्या घरी फॅरिंग्डन स्ट्रीटचं काम शेजारणींनी केलं. कोकणी माणसाला देशावरच्या जेवणाबद्दल एक आढ्यता असते, माझ्यात नसली तरी घरात ती होती. कोरडी भाकरी, कोरडी चटणी, त्यात काय खायचं, असा सूर. समोरच्या वहिनी सोलापूरकडच्या. त्यांच्या शेंगदाण्याच्या चटणीची वाटी आमच्याकडे आधीही यायची, ती आम्ही तोंडीलावणं म्हणून बोटभर घ्यायचो. त्यांच्याकडे ती भाकरीवर ढीगभर घेतात, वर दही. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारीत दहाच्या आसपास. ज्या मुलखात मासळी पोचत नाही आणि पाऊसही भरवशाचा नाही, त्या मुलखाने आपलं बळ कशात शोधलं ते त्या एका ताटात दिसतं. माझ्या कचेरीतली मैत्रीण संगमनेरकडची. तिने हुलग्याचे शेंगोळे करायला शिकवले: हुलग्याच्या पिठाच्या लसूण-मिरची घातलेल्या वळकट्या उकळत्या पाण्यात सोडायच्या आणि रश्शासकट खायच्या. हुलगा म्हणजे आमचा कुळीथच. त्याच दाण्याची आम्ही पिठी करतो आणि सह्याद्रीपलीकडे शेंगोळे होतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. मटकीची उसळ, डाळकांदा, पिठलं, दाण्याची आमटी, मेतकूट, डाळींच्या पिठाची धिरडी. हे सगळं मराठीच आहे, पण ज्या घरांना पिढ्यान् पिढ्या मंगळवार नव्हता त्यांनी ते घडवलेलं आहे. आमच्या घराने ते फक्त पाहिलं होतं.

लेकीला यातलं शास्त्र आवडलं, आणि ते तिने माझ्यापेक्षा लवकर पकडलं. आपल्या शरीराला लागणारी नऊ अमायनो आम्लं बाहेरूनच घ्यावी लागतात. तांदूळ, गहू, ज्वारीत त्यातलं लायसीन कमी पडतं. डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं, तिथे मेथिओनीन तोकडं असतं, ते धान्य भरून काढतं. भाकरी-पिठलं, भात-आमटी, पोळी-उसळ, खिचडी, या जोड्या कुणी प्रयोगशाळेत लावल्या नव्हत्या. एकाच घासात दोन्ही आलं पाहिजे अशी धास्तीही घ्यायला नको. फ्रान्सिस मूर लापे या अमेरिकन लेखिकेने १९७१ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात अशा जोड्यांवर फार भर दिला होता, आणि दहा वर्षांनी नव्या आवृत्तीत तो स्वतःच मागे घेतला: दिवसभरात निरनिराळं आणि पोटभर खाल्लं की पुरे. पोटभर हा शब्द मी लेकीला अधोरेखित करून दाखवला. शरीराला ऊर्जाच कमी पडली तर ते प्रथिनं जाळून ती मिळवतं, मग ताटात कितीही उसळ असली तरी बांधकामाला माल उरत नाही.

आता तिच्या दिवसाची बेरीज सहज पंचेचाळीसच्या वर जाते. सकाळी मूगडाळीची धिरडी, डब्यात पोळीबरोबर मोड आलेली मटकी किंवा चवळी, संध्याकाळी बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि गूळ, रात्री घट्ट आमटी किंवा पिठी, भात किंवा भाकरी, वाटीभर दही, दूध. यात महाग काही नाही. पनीर कधीतरी. सोयाबीनच्या वड्या तिला आवडत नाहीत, त्यांच्यात निम्म्याहून अधिक प्रथिनं असली तरी, आणि मी आग्रह करत नाही. वाढत्या मुलाच्या आईवडिलांना हल्ली डबाबंद पावडरी सुचवणारे खूप भेटतात. चार-पाच हजारांचा डबा घरात येतो आणि त्याच घरात वरण पातळच राहतं, हे पाहून मला वाईट वाटतं. धडधाकट मुलाला त्या डब्याची गरज नाही, त्याला कडधान्य भिजत घालणारं कुणीतरी हवं आहे. आमच्याकडे रात्री ते काम तिचं आहे.

प्रथिनांची काळजी जरा जास्तच केली जाते, आणि तिच्या आड ज्यांची करायला हवी ती दोन नावं राहून जातात. एक लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या, आणि त्यात मासे-मटण खाणाऱ्या घरांतल्याही आहेत. या वयाच्या मुलीला दिवसाला तीस मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं, आणि कडधान्य-पालेभाज्यांतलं लोह शरीर हात आखडूनच घेतं. मोड आणले की त्याला धरून ठेवणारं फायटेट कमी होतं. लिंबू पिळलं, आवळा खाल्ला की ते जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला की वाया जातं. तिचा जेवणानंतरचा चहा बंद करायला मला मटकी शिकण्यापेक्षा जास्त त्रास पडला.

दुसरं जीवनसत्त्व ब १२. ते कुठल्याही डाळीत, धान्यात, भाजीत भरवशाचं मिळत नाही. आंबवलेल्या पिठातून मिळतं ही समजूतही विसंबण्यासारखी नाही. मासळी, मांस, अंडी, दूध, आणि नाहीतर गोळी. याची कमतरता आपल्याकडे किती खोल आहे ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा त्यांनी माग ठेवला. निम्म्याहून अधिक आयांमध्ये ब १२ कमी होतं, आणि ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच पुढच्या मधुमेहाच्या वाटेची चिन्हं दिसत होती. हे वाचल्यावर मी लेकीच्या रक्ताची तपासणी करून घेतली. हिमोग्लोबिन ठीक होतं, ब १२ खालच्या काठावर. डॉक्टरांनी गोळी दिली. या गोळीबद्दल मला कमीपणा वाटत नाही. गांधीजी १९१८ मध्ये आमांशाने मरणाच्या दारात गेले आणि दूध न घेण्याच्या व्रतातून शेळीच्या दुधाची वाट काढून जगले. दुधाला वनस्पतीचा पर्याय शोधून तो सापडला नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. ब १२ वेगळं करण्यात शास्त्रज्ञांना यश आलं १९४८ साली. जे त्यांच्या हयातीत औषधाच्या दुकानात नव्हतं ते माझ्या लेकीला कोपऱ्यावर मिळतं, तर ते तिने जरूर घ्यावं.

तिच्या शाकाहाराचं कौतुक करणारेही भेटले, आणि त्यांनी मला टीका करणाऱ्यांपेक्षा जास्त दुखावलं. इमारतीतल्या एक बाई जिन्यात म्हणाल्या, “बरं झालं हो, तुमच्याकडे एक तरी शुद्ध झाली.” मुंबई-ठाण्यात मासे खाणाऱ्यांना घर नाकारलं जातं हे मला माहीत आहे, तळलेल्या बांगड्याच्या वासावरून सोसायटीच्या बैठकीत झालेली भांडणं मी ऐकली आहेत. त्या एका शब्दात आमच्या सासूबाईंची पेज आणि सुका बांगडा, माझ्या आजीने एका चुलीवर दोन्ही जेवणं रांधली ती, सगळं अशुद्ध ठरत होतं. मी बोलायच्या आत लेक म्हणाली, “मला फक्त खायचे नाहीत काकू. आजीचे मासे घाण नाहीत.” पंधरा वर्षांच्या मुलीला जे वेगळं करता आलं ते आपल्या समाजाला शेकडो वर्षांत करता आलेलं नाही. दया एक गोष्ट आहे, आणि जेवणावरून माणसाची पायरी ठरवणं दुसरी.

म्हणूनच शाळेच्या अंड्याबद्दल आमच्या घरात दोन मतं नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि थोडं ब १२ असतं. ज्या मुलाच्या घरी डाळही मोजून शिजते त्याच्या ताटातून ते उचलणं हा शाकाहार नव्हे. माझ्या लेकीने सोडलं ते तिच्यासमोर होतं म्हणून तिला सोडता आलं.

एका गोष्टीवर मी नजर ठेवली, आणि ती इतर आयांनाही सांगते. या वयात काही मुली खाणं सोडायला निमित्त शोधत असतात. आधी मासे, मग तेल, मग भात, मग रात्रीचं जेवण. शाकाहार त्याला चांगलं पांघरूण ठरू शकतो, कारण तत्त्वाच्या गोष्टीवर घरचे फार बोलत नाहीत. ती आरशासमोर किती वेळ असते, वजनाच्या काट्यावर किती वेळा चढते, पाळी वेळेवर येते का, आणि दोनदा वाढून घेते का, हे मी पाहत आले. ती दोनदा वाढून घेते. पिठी असली तर तीनदा.

सध्या वाद दुधाचा आहे. तबेल्यातल्या म्हशींचं आणि त्यांच्या पारड्यांचं काय होतं हे तिने वाचलं आहे, आणि तिचं म्हणणं असं की कुर्ल्यांना जो न्याय तो पारड्यांना का नाही. प्रश्न योग्य आहे. मी तो टाळत नाही, पण माझं उत्तर अजून नाही असंच आहे. दूध-दही गेलं तर तिच्या प्रथिनांचा चौथा हिस्सा जातो, कॅल्शियमचा त्याहून मोठा, आणि हाडं भरायची हीच वर्षं आहेत. आजोबांच्या माळेनेही दूध सोडायला लावलं नव्हतं, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली की आजोबांच्या दारात स्वतःची गाय होती आणि तिचं नाव त्यांना ठाऊक होतं. यावर मला काही बोलता आलं नाही. मग तिने कागद आणला. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, कॅल्शियम घातलेलं सोयाबीनचं दूध, ब १२ ची गोळी कायमची. रोजची बेरीज तिने मांडली होती आणि ती चुकीची नव्हती. मी तिला सांगितलं की हे तू एक महिना दुधाबरोबर खाऊन दाखव, रोज, परीक्षेच्या आठवड्यातही. मग डॉक्टरांना विचारू. आज सकाळी नाचणीची आंबील तिने स्वतः केली होती. गुठळ्या झाल्या, म्हणून सासूबाईंनी फोनवर तिला पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायला सांगितलं आहे, आणि येताना गावाहून घरची नाचणी घेऊन येते म्हणाल्या.